विष्णू वासुदेव नारळीकर

विष्णू वासुदेव नारळीकर (जन्म : कोल्हापूर, २६ सप्टेंबर १९०८, मृत्यू : १ एप्रिल १९९१) हे भारतीय गणितज्ञ आणि व्यापक सापेक्षता सिद्धांताचे अभ्यासक होते. बनारस हिंदू विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा त्यांनी १९३२ ते १९६० या काळात सांभाळली. गुरुत्वाकर्षण, त्वरण आणि काल यांच्या परस्परसंबंधाचा विचार करणारा हा सिद्धांत जगभर मागे पडला होता, त्या काळात त्यांनी भारतात त्याचे अध्यापन आणि संशोधन अखंड चालू ठेवले. खगोलशास्त्रज्ञ व साहित्यिक जयंत नारळीकर हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र होत.

जन्म आणि शिक्षण

नारळीकरांचा जन्म कोल्हापूर येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ मध्ये बी.एस्सी. झाल्यावर ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. त्यासाठी त्यांना कोल्हापूर संस्थानाचे साहाय्य आणि जमशेटजी टाटांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळाली होती. केंब्रिज विद्यापीठाची ट्रायपॉस ही गणिताची परीक्षा ते १९३० मध्ये विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले. या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यास रँग्लर म्हणतात आणि महाराष्ट्रात ही पदवी मोठ्या मानाची समजली जाई. खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक, आयझॅक न्यूटन विद्यार्थिवेतन आणि रॅले पारितोषिक हे केंब्रिजचे सन्मानही त्यांना लाभले.

त्या काळी आर्थर एडिंग्टन केंब्रिजमध्ये खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइनचे भाकीत १९१९ च्या खग्रास ग्रहणात पडताळण्याच्या मोहिमांमध्ये त्यांचा प्रमुख वाटा होता. सापेक्षतेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला जगात याहून अनुकूल ठिकाणे फार थोडी होती.

बनारस हिंदू विद्यापीठ

पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठासाठी देशोदेशी शिकलेले तरुण विद्वान जमवण्याचा उद्योग चालवला होता. त्यांच्या निमंत्रणावरून नारळीकर १९३२ मध्ये बनारसला आले आणि गणित विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती.

हा निर्णय सोपा नव्हता. १९३० नंतर जगातील बहुतेक तरुण भौतिकशास्त्रज्ञ पुंजयामिकी आणि अणुकेंद्रीय भौतिकी यांकडे वळले. व्यापक सापेक्षता अवघड गणिताची होती आणि तिच्या पडताळणीची साधने मोजकी होती. त्यामुळे १९५५ च्या आसपास नवा उत्साह येईपर्यंत हा विषय थोड्याच ठिकाणी टिकून राहिला. भारतात मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन व मिंकोव्स्की यांच्या निबंधांचे इंग्रजी भाषांतर १९२० मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केले होते आणि तेथे या विषयावर काही कामही होत होते. उत्तर भारतात मात्र संशोधनाचे केंद्र उभे राहिले ते नारळीकरांच्या बनारसमधील वास्तव्यामुळे. तेथे त्यांनी २८ वर्षे काढली.

त्यांचा अभ्यासविषय : त्वरण, गुरुत्वाकर्षण आणि काल

नारळीकरांच्या संशोधनाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी या सिद्धांतातील कालविषयक कल्पना थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे.

आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये विशिष्ट सापेक्षता सिद्धांत मांडला. त्यानुसार एकसमान वेगाने जाणारे घड्याळ स्थिर निरीक्षकाला मंद चालताना आढळते. हा परिणाम परस्परसापेक्ष आहे. दोन निरीक्षक एकमेकांपासून एकसमान वेगाने दूर जात असतील, तर प्रत्येकाला दुसऱ्याचेच घड्याळ मंद आढळते. पण त्यांपैकी एकाने मार्ग बदलला, मागे फिरून तो दुसऱ्याजवळ आला आणि दोन्ही घड्याळे शेजारी ठेवून पाहिली, तर परतून आलेल्याच्या घड्याळात कमी काळ गेलेला दिसतो. जुळ्या भावंडांचे कोडे म्हणून प्रसिद्ध असलेल्या उदाहरणाचे हेच मर्म आहे. मागे फिरणाऱ्याला त्वरण सोसावे लागते, म्हणून दोघांची स्थिती सारखी राहत नाही. असे असले तरी आदर्श घड्याळ त्वरणाच्या धक्क्याने मंद होत नाही. त्याने अवकाश आणि काल यांतून कोणता मार्ग कापला आणि त्या मार्गावर वेळोवेळी त्याचा वेग किती होता, यावर त्याने मोजलेला काळ ठरतो.

१९०७ मध्ये आइन्स्टाइन यांना गुरुत्वाकर्षणाकडे नेणारे सूत्र सापडले. सर्व बाजूंनी बंद असलेल्या लहान खोलीतील माणसाला आपण पृथ्वीवर स्थिर आहोत की रिकाम्या अवकाशात वर वर वेग वाढवत जाणाऱ्या यानात आहोत, हे खोलीतल्या प्रयोगांवरून ओळखता येत नाही. याला समतुल्यतेचे तत्त्व म्हणतात.

आता अशा यानाची कल्पना करावी. त्याच्या तळाशी एक घड्याळ आहे आणि छताशी दुसरे. तळाचे घड्याळ दर सेकंदाला प्रकाशाचा एक स्पंद वर पाठवते. स्पंद वाटेत असताना छताचा वेग वाढतो. त्यामुळे प्रत्येक पुढच्या स्पंदाला छत गाठण्यासाठी आधीच्यापेक्षा किंचित अधिक अंतर कापावे लागते. छताशी बसलेल्या निरीक्षकाला ते स्पंद एका सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने मिळतात आणि तळाचे घड्याळ मंद आहे, असा निष्कर्ष तो काढतो. छताकडून तळाकडे येणारे स्पंद याउलट अधिक लवकर येतात, म्हणून तळाच्या निरीक्षकाला वरचे घड्याळ जलद वाटते. येथे दोघांचे एकमत होते आणि एकसमान वेगाच्या उदाहरणापेक्षा हे उदाहरण वेगळे ठरते.

समतुल्यतेच्या तत्त्वानुसार हीच गोष्ट पृथ्वीवरही घडली पाहिजे. म्हणजेच खालच्या पातळीवरचे घड्याळ वरच्या घड्याळापेक्षा मंद चालले पाहिजे. हा फरक अतिशय सूक्ष्म असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तेथील आदर्श घड्याळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील तशाच घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे १.९ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीहून थोडे कमी, पुढे जाईल. नारळीकर बनारसला आले त्या वेळी एवढा फरक मोजू शकेल असे घड्याळ जगात अस्तित्वात नव्हते.

संशोधन : वक्रतेच्या अविकारी राशी

यानातील घड्याळे आणि पृथ्वीवरील घड्याळे सारखीच वागत असतील, तर त्वरणामुळे भासणारे गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीसारख्या वस्तुमानामुळे निर्माण झालेले खरे गुरुत्वाकर्षण यांत फरक कोणता, असा प्रश्न उभा राहतो. १९१५ मध्ये पूर्ण झालेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचे उत्तर असे की, खऱ्या गुरुत्वाकर्षणात अवकाश-काल वक्र झालेला असतो. रिकाम्या अवकाशातील यानात तो वक्र नसतो. यानात एकमेकांपासून काही अंतरावर दोन दगड सोडले, तर त्यांच्यातील अंतर कायम राहते. पृथ्वीवर मात्र दोन्ही दगड पृथ्वीच्या केंद्राकडे ओढले जात असल्यामुळे पडता पडता एकमेकांच्या किंचित जवळ येतात. घड्याळांच्या चालीतील फरक दोन्हीकडे आढळतो, परंतु दगडांचे असे जवळ येणे पृथ्वीवरच आढळते.

हा फरक गणिताने दाखवण्यात एक अडचण येते. या सिद्धांतात स्थान आणि काल यांची मोजणी कोणत्याही निर्देशक पद्धतीने करता येते. पद्धत बदलली की समीकरणांचे रूप पालटते आणि सपाट अवकाश-कालही गुंतागुंतीचा दिसू लागतो. अशा वेळी ज्यांचे मूल्य निर्देशक पद्धत बदलली तरी बदलत नाही, अशा राशी हाती असाव्या लागतात. त्यांना अविकारी राशी म्हणतात. चौमितीय अवकाश-कालाच्या वक्रतेपासून अशा १४ स्वतंत्र राशी मिळतात. नारळीकर आणि के. आर. करमरकर यांनी १९४८ च्या सुमारास अशा १४ राशींचा संच प्रत्यक्ष सूत्ररूपात मांडला. भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेला हा निबंध नारळीकरांच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक मानला जातो. अशा संचांची पूर्णता पुढे इतर गणितज्ञांनी तपासली आणि त्यांत सुधारणा केल्या.

या राशींचा उपयोग एका उदाहरणावरून कळतो. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये गोलाकार वस्तूच्या बाहेरील गुरुत्वक्षेत्राचे सूत्र काढले. त्या सूत्रानुसार एका ठरावीक त्रिज्येपाशी ठेवलेले घड्याळ दूरच्या निरीक्षकाला थांबल्यासारखे दिसते. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी ही त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर येते. त्या त्रिज्येवर सूत्रातील एक राशी अनंत होते. त्यामुळे तेथे निसर्गाचे नियमच कोलमडतात की दोष निवडलेल्या निर्देशक पद्धतीचा आहे, याविषयी कित्येक वर्षे संभ्रम होता. वक्रतेच्या अविकारी राशी त्या त्रिज्येवर सांत राहतात आणि केंद्रापाशी अनंत होतात. यावरून पहिली अडचण मांडणीची असून दुसरी खरी आहे, हे स्पष्ट होते. कृष्णविवरांच्या अभ्यासात हा विवेक आजही याच मार्गाने केला जातो.

करमरकर यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेली गोलीय सममिती असलेल्या क्षेत्रांविषयीची अट करमरकर अट या नावाने ओळखली जाते. अतिघन ताऱ्यांची गणिती प्रतिमाने तयार करताना अलीकडील अनेक संशोधक तिचा वापर करतात.

प्रल्हाद चुनीलाल वैद्य आणि तेजस्वी तारा

नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामांपैकी सर्वाधिक प्रसिद्धी पावले ते प्रल्हाद चुनीलाल वैद्य (१९१८–२०१०) यांचे काम. वैद्य मूळचे सौराष्ट्रातील. १९४२ मध्ये, देश चलेजाव आंदोलनाने ढवळून निघाला असताना, ते सापेक्षता शिकण्यासाठी आपल्या कुटुंबासह बनारसला आले. गाठीशी असलेल्या बचतीवर त्यांनी तेथे सुमारे दहा महिने काढले.

श्वार्झशिल्ड यांच्या सूत्रात ताऱ्याबाहेरचे अवकाश पूर्ण रिकामे धरलेले आहे. खरा तारा प्रकाश टाकतो, त्यामुळे त्याच्याभोवती बाहेर जाणारी ऊर्जा भरलेली असते आणि त्या प्रमाणात त्याचे वस्तुमान घटत जाते. अशा ताऱ्याबाहेरचे गुरुत्वक्षेत्र कसे असेल, या प्रश्नाचे उत्तर वैद्य यांनी १९४३ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध केले. वैद्य यांच्या सूत्रात वस्तुमान कालानुसार बदलते आणि त्याच्या जवळच्या घड्याळाची चालही त्याबरोबर बदलत जाते. हे सूत्र आज जगभर वैद्य मेट्रिक या नावाने ओळखले जाते. ताऱ्यांचे आकुंचन आणि कृष्णविवरांतून होणारे उत्सर्जन यांच्या अभ्यासात ते वापरले जाते. प्रसिद्धीच्या वेळी या कामाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६० नंतर प्रचंड ऊर्जा उत्सर्जित करणाऱ्या खस्थ पदार्थांचा शोध लागला, तेव्हा त्याचे महत्त्व ध्यानात आले.

प्रायोगिक पडताळणी

नारळीकरांच्या बनारसमधील कारकिर्दीचा बहुतेक काळ घड्याळांवरील गुरुत्वाकर्षणाचा परिणाम कागदावरच होता. व्याधाचा सोबती असलेल्या श्वेतबटूच्या वर्णपटात हा परिणाम ताम्रसृतीच्या रूपाने दिसावा, असे एडिंग्टन यांनी सुचवले होते. १९२५ मध्ये अमेरिकेत तशी मोजणीही झाली, पण तिची अचूकता पुरेशी नव्हती, हे नंतर उघड झाले.

निर्णायक प्रयोग १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नारळीकरांनी बनारस सोडले. हार्वर्ड विद्यापीठातील रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का यांनी तेथील मनोऱ्यात २२.५ मीटर उंचीच्या अंतराने गॅमा किरणांची कंप्रता तपासली. अपेक्षित फरक १ वर १५ शून्ये एवढ्या भागांत सुमारे अडीच भाग इतका होता आणि तो आढळला. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सीझियमची आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडून फिरून आलेली घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडून आलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. विमानाचा वेग, पृथ्वीचे परिवलन आणि उंची या तिन्हींचा एकत्रित परिणाम सिद्धांताशी जुळला.

त्वरणाविषयीचा प्रश्न जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत तपासला गेला. तेथे १९७७ मध्ये म्यूऑन हे अल्पायुषी कण वर्तुळाकार कड्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवण्यात आले. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असते. कड्यात ते सुमारे २९ पट वाढले आणि ही वाढ वेगावरून काढलेल्या मूल्याशी जुळली. त्या कणांचे त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या १ वर १८ शून्ये इतके पट होते. एवढ्या प्रचंड त्वरणाचा घड्याळावर वेगळा परिणाम झाला नाही.

हा परिणाम आज रोजच्या व्यवहारात लक्षात घ्यावा लागतो. स्थाननिश्चितीसाठी वापरल्या जाणाऱ्या जी.पी.एस. उपग्रहांतील घड्याळे पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती आधीच केलेली असते. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक अंतर कापतो, यावरून दुरुस्ती न केल्यास काय होईल याची कल्पना येते.

अजमेर आणि पुणे

१९६० मध्ये नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि अजमेरला गेले. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठात उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून आले व १९७३ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या निमित्ताने फेब्रुवारी १९६९ मध्ये अहमदाबाद येथे परिसंवाद भरला. त्यातूनच व्यापक सापेक्षता व गुरुत्वाकर्षण या विषयाच्या भारतीय अभ्यासकांची संघटना स्थापन झाली. ती आजही कार्यरत आहे.

कौटुंबिक जीवन

नारळीकरांच्या पत्नी सुमती या कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातील आणि संस्कृतच्या विदुषी होत्या. संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार हे सुमतीबाईंचे बंधू. त्यांनी बनारसमध्येच एम.एस्सी. केले आणि पुढे केंब्रिजला संशोधन केले. नारळीकर दांपत्याला दोन पुत्र झाले. ज्येष्ठ पुत्र जयंत यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. धाकटे अनंत हे अतिसंवाहकतेवर संशोधन करणारे भौतिकशास्त्रज्ञ झाले.

घरातील वातावरण गणित आणि संस्कृत या दोहोंनी भरलेले होते. मुलांना लिहिण्यासाठी वडिलांनी घरातच फळे बसवून दिले होते. बनारसला शिकायला आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यांवर जयंतसाठी अवघड गणिते लिहून ठेवत आणि उत्तर सापडेपर्यंत ती पुसली जात नसत. जयंत नारळीकरांनी या दिवसांचे वर्णन चार नगरांतले माझे विश्व या आत्मचरित्रात केले असून या ग्रंथाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातील पहिले नगर वाराणसी होय.

वारसा

नारळीकरांच्या नावावर एखादे जगप्रसिद्ध समीकरण नाही. प्रयोगांनी पाठ फिरवलेल्या काळात त्यांनी एक अवघड विषय शिकवत ठेवला आणि त्यातील खरे कोणते व भासमान कोणते हे ठरवण्याची साधने घडवली. वैद्य यांनी पुढे गुजरातमध्ये सापेक्षतेच्या अभ्यासकांची नवी पिढी तयार केली. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला आणि १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले. १ एप्रिल १९९१ रोजी विष्णू नारळीकरांचे निधन झाले. त्यांनी १९३२ मध्ये बनारसला पाऊल ठेवले, तेव्हा उंचीनुसार बदलणारा काळ हे गणितातले अनुमान होते. त्यांच्या हयातीतच त्याची प्रयोगशाळेत खातरजमा झाली आणि उपग्रहांची घड्याळे त्यानुसार लावली जाऊ लागली.